लाकडी पायाचा ठेका : टॅप नर्तक क्लेटन 'पेग लेग' बेट्स

पदन्यास

टॅप डान्सचा, म्हणजे बुटांच्या आवाजाने ताल वाजवत केल्या जाणाऱ्या नाचाचा, विषय निघाला की फ्रेड अस्टेअरचं नाव हमखास येतं. जरा जास्त पाहिलेले लोक बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन, निकोलस बंधू, ग्रेगरी हाइन्स यांच्यापर्यंत पोचतात. क्लेटन बेट्सचं नाव निघालंच, तर "तो एका पायाचा ना?" इथेच गाडी थांबते. बेट्स हा त्या काळातल्या सगळ्यात पक्क्या लयीच्या नर्तकांपैकी एक होता, आणि त्याची ओळख पायाच्या गोष्टीशी थांबू नये म्हणून हा धागा काढतोय.

बेट्सचा जन्म ११ ऑक्टोबर १९०७ चा, अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या फाउंटन इन या छोट्या गावातला. आई एमा दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायची. वडील तो तीन वर्षांचा असतानाच घर सोडून गेले. पाचव्या वर्षी हा पोरगा न्हाव्याच्या दुकानात गोऱ्या गिऱ्हाइकांपुढे अनवाणी नाचून चिल्लर कमवत होता. म्हणजे नाच आधीपासून होता, लाकडी पाय नंतर आला. त्याच्यावर लिहिणारे बरेच जण हा क्रमच उलटा करतात.

बाराव्या वर्षी आईच्या मनाविरुद्ध हट्ट करून तो सरकीच्या गिरणीत कामाला लागला. तिथे सरकी वाहून नेणाऱ्या यंत्रात त्याचा डावा पाय सापडला आणि चेंदामेंदा झाला. त्या गावात, त्या काळात काळ्या पोराला इस्पितळात खाट कुठली मिळायला? पाय कापला तो घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या मामाने भाच्याची अवस्था पाहिली आणि स्वतःच्या हाताने लाकडाचा एक ओबडधोबड खुंट करून दिला. त्या खुंटावर पोरगा चालायला शिकला आणि मागोमाग नाचायलाही.

पंधराव्या वर्षापर्यंत तो व्यावसायिक झाला होता. आधी जत्रा-कार्निव्हल आणि मिन्स्ट्रेल म्हणजे गाणी-नकलांचे फिरते खेळ, मग काळ्या कलाकारांसाठी वेगळी असलेली थिएटरांची साखळी, मग न्यूयॉर्क. ल्यू लेस्लीच्या 'ब्लॅकबर्ड्स' या गाजलेल्या रिव्ह्यूमध्ये (नाच-गाण्यांच्या मिश्र कार्यक्रमात) त्याची निवड झाली आणि १९२९ मध्ये त्या चमूबरोबर तो पॅरिसला मुलाँ रूज या प्रसिद्ध नाचघरात नाचला. वय जेमतेम एकवीस-बावीस. पुढे हार्लेममधले कॉटन क्लबसारखे नावाजलेले क्लब, १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौरा, आणि टेलिव्हिजन आल्यावर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा. त्या कार्यक्रमात एकदा जायला मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं धडपडायचे.

आता नाचाबद्दल. टॅपच्या बुटाला चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा धातूच्या दोन पट्ट्या असतात. दोन पायांच्या मिळून चार. बेट्सकडे उजव्या बुटाच्या दोन पट्ट्या आणि डावीकडे लाकडी खुंट, टोकाला चामडं आणि रबर. खुंटाला टाच-चवडा असा भेदच नाही. ज्या नर्तकाची सगळी करामत टाच आणि चवडा आलटून पालटून वाजवण्यावर उभी असते, त्याच्या हातातून निम्मं वाद्य काढून घेतल्यासारखं हे झालं. पण खुंटाचा आवाज खोल आणि भरीव, तर उजव्या पायाचा कडक आणि खणखणीत. बाकीच्यांच्या दोन्ही पायांचा आवाज सारख्या जातीचा यायचा. बेट्सच्या पायांना वरचा आणि खालचा असे वेगवेगळे आवाज होते, आणि त्याने सगळी रचना त्यांवर बांधली.

जुनं चित्रीकरण मिळालं तर एकदा डोळे मिटून ऐका, मग पाहा. पाहताना त्याची 'जेट प्लेन' ही खास उडी चुकवू नका. पांढरा सूट घातलेला हा माणूस जवळजवळ पाच फूट वर उडतो, खाली येताना अख्खं वजन त्या लाकडी खुंटावर घेतो, आणि धड पाय मागे विमानाच्या शेपटासारखा सरळ ताणलेला. तोल ढळत नाही. लय तर नाहीच नाही.

चाटी_मैदान

उत्तम विषय. मी तबला वाजवतो, नाचातलं फारसं कळत नाही. लेख वाचून चित्रीकरण शोधलं आणि तुम्ही म्हणता तसं आधी नुसतं ऐकलं.

दायां आणि बायां! उजवीकडे चाटीचा कडक नाद, डावीकडे डग्ग्याचा खर्ज. योगायोगाने याच्या अंगावरही बाजू त्याच आहेत. तो उजव्या पायाने भरगच्च बोल भरत जातो आणि समेसारख्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेसारख्या, जागी खुंट ठेवतो. मध्येच खुंट मुद्दाम उचलून धरतो, तेव्हा नुसती चाटी वाजल्यासारखं पोकळ वाटतं, आणि खर्ज परत आला की जिवात जीव येतो. खाली-भरीचं हे भान शिकून येतं का उपजत असतं, देव जाणे. पण ते त्याच्याकडे पुरेपूर होतं.

सांजवात

छान लेख, पण एक शंका मनात आहे. जत्रेतल्या खेळांमध्ये अपंग माणसं 'बघायला' ठेवायची प्रथा अमेरिकेत होतीच. बेट्सची सुरुवातही तिथलीच. जाहिरातीवर नावच 'पेग लेग'. लोक नाच बघायला यायचे की लाकडी पाय बघायला? आपणही आत्ता तेच करत नाही ना?

पदन्यास

@सांजवात, शंका रास्त आहे. पहिल्यांदा तिकीट काढणारे बरेचसे पाय बघायलाच येत असणार. बेट्सला ते पुरतं माहीत होतं, असं त्याच्या कामावरून दिसतं. म्हणून तर त्याने स्वतःला दोन पायांच्या नर्तकांच्या पंगतीत मोजलं आणि त्यांच्यापेक्षा सरस व्हायचं हे ध्येय ठेवलं. एकाच युक्तीवर तो राहिला नाही. कसरतीच्या उड्या होत्या, तसा मऊ तळव्याच्या बुटांचा संथ, मुलायम सॉफ्ट शू होता आणि जोरकस ऱ्हिदम टॅपही. लाकडी पायाचं नवल फार तर पहिली दोन मिनिटं टिकतं. त्यावर कोणी ४०-५० वर्षं रंगमंचावर उभं राहत नाही, आणि सलिव्हनसारखा चोखंदळ निर्माता वीसदा बोलावत नाही.

दुसरं म्हणजे त्याने खुंट कधी झाकला नाही. सुटाच्या रंगाला जुळणारे वेगवेगळ्या रंगांचे खुंट त्याच्याकडे होते. पांढऱ्या सुटाला पांढरा. लाज वाटणारा माणूस असं करेल का?

मोगरी

मला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर लावून चालते. सांजवात यांच्या प्रश्नावर माझं मत सांगते.

आमच्यासारख्यांना 'प्रेरणादायी' ही पदवी फार स्वस्तात मिळते. मी शाळेत गाण्याच्या स्पर्धेत उतरले होते. परीक्षकांनी माझ्या जिद्दीचं पोटभर कौतुक केलं आणि गाण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. सूर कुठे लागला, कुठे हलला, काहीच नाही. त्या दिवशी बक्षीस मिळूनही मी घरी येऊन रडले होते.

म्हणून चाटी_मैदान यांचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. त्यांनी बेट्सच्या लयीबद्दल लिहिलंय. कलाकाराला हेच हवं असतं. पाय बघितला म्हणून काही बिघडत नाही. पायावरच थांबलं की बिघडतं.

हाडवैद्य

मी कृत्रिम अवयव बसवण्याच्या कामात आहे, त्या बाजूने थोडं लिहितो.

उडी मारून खाली येताना निरोगी पायात घोटा, गुडघा आणि पोटरीचे स्नायू मिळून धक्का पचवतात. खुंटाला घोटाच नाही. जमिनीचा धक्का लाकडातून सरळ वर येतो आणि उरलेल्या पायाच्या टोकावर आदळतो. तिथली कातडी अशा भारासाठी बनलेलीच नसते. साधं रोजचं चालणारे रुग्णसुद्धा फोड, घट्टे, जखमा घेऊन आमच्याकडे येतात. पाच फुटांवरून खुंटावर उतरायचं, तेही दिवसाला अनेक खेळांत आणि वर्षानुवर्षं, तर मांडीचे आणि कमरेचे स्नायू पोलादी हवेत आणि उतरण्याचा कोन दर वेळी बिनचूक हवा. थोडा तिरका पडला तर खुंट घसरणार, नाहीतर वरचा सांधा दुखावणार. निव्वळ जिद्दीवर हे होत नाही, त्याला काटेकोर तंत्र लागतं.

इथे सुधा चंद्रन आठवल्याशिवाय राहत नाहीत. मुंबईत वाढलेली भरतनाट्यमची नर्तकी. १९८१ मध्ये तमिळनाडूत बसचा अपघात होऊन उजवा पाय गमावला आणि १९८४ मध्ये जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांचा प्रश्न वेगळा होता. भरतनाट्यमला अनवाणी पाऊल हवं, अरैमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे वाकायला हवेत. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी घडवलेला जयपूर फूट रबर-लाकडाचा, पावलासारखा दिसणारा आणि बऱ्यापैकी वाकणारा. अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसांसाठीच तो बनला होता. सुधाताईंना पाऊल परत हवं होतं. बेट्सच्या नाचाला पावलाची नक्कल लागलीच नाही, कारण त्याला खुंटातून आवाज काढायचा होता. दोघांच्या कलेची गरज वेगळी, म्हणून साधनही वेगळं.

ठायीठायी

वा, हाडवैद्य! असे प्रतिसाद मिळतात म्हणून इथे यावंसं वाटतं.

@पदन्यास, टॅप मुळात आला कुठून? आयरिश नाचातून असं वाचलं होतं.

पदन्यास

@ठायीठायी, आयरिश जिग, इंग्लंडच्या उत्तरेकडचा लाकडी बुटांचा क्लॉग आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांची लय, या तिन्हींची अमेरिकेत गाठ पडली. यात साउथ कॅरोलायनाचा, म्हणजे बेट्सच्याच राज्याचा, एक जुना धागा आहे. १७३९ मध्ये तिथे स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं, आणि ढोल वाजवत माणसं गोळा केली. बंड चिरडल्यावर १७४० चा कायदा आला. त्यात गुलामांवर बाकी नाना बंधनं होतीच, शिवाय ढोल-शिंगासारखी वाद्यं बाळगायला आणि वाजवायलाही बंदी झाली. ढोल गेले, तेव्हा लय टाळ्यांत, मांड्या-छातीवर थापा मारण्यात आणि पायांत उतरली. टॅपचा जन्म एकट्या त्या कायद्यातून झाला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, पण टॅपच्या इतिहासकारांना ही घटना महत्त्वाची वाटते आणि मलाही वाटते.

पुढे १८४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीत आयरिश आणि काळे शेजारी-शेजारी राहत. तिथून 'मास्टर जुबा' नावाने गाजलेला विल्यम हेन्री लेन पुढे आला. जॉन डायमंड या गोऱ्या नर्तकाशी त्याच्या जाहीर चुरशी लागत. तो १८४८ मध्ये लंडनला गेला, तिथेही त्याचं खूप कौतुक झालं, आणि ऐन तारुण्यात तिकडेच वारला. विसाव्या शतकात बिल रॉबिन्सनने नाच चवड्यांवर आणला, हलका आणि स्वच्छ. जॉन बबल्सने टाचा खाली आणून त्यात जॅझची गुंतागुंत भरली. त्यालाच ऱ्हिदम टॅप म्हणतात. टाचेचं महत्त्व वाढत असतानाच्या या काळात एका बाजूला टाचच नसलेला बेट्स उभा होता, हे लक्षात घेतलं की त्याच्या कामाची उंची कळते.

हडसनकाठ

आम्ही न्यू जर्सीत राहतो. पानगळ बघायला कॅटस्किलला जाताना २०९ नंबरच्या हायवेने अनेकदा गेलोय. त्या रस्त्याच्या एका भागाला क्लेटन 'पेग लेग' बेट्स यांचं नाव दिलेलं आहे. एखादा चाच्यांच्या गोष्टीतला माणूस असेल अशी आमच्या मुलांची समजूत होती! आता त्यांना हा धागा वाचून दाखवणार. पण साउथ कॅरोलायनाच्या नर्तकाचं नाव इतक्या वर, न्यूयॉर्कच्या डोंगरात कसं?

पदन्यास

@हडसनकाठ, तुमच्या प्रश्नाची वाटच बघत होतो, कारण बेट्सच्या आयुष्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं प्रकरण तिथलंच आहे.

१९४० नंतर टॅपचे दिवस फिरले. १९४४ मध्ये अमेरिकन सरकारने नाचगाण्याच्या क्लबांवर जबर कर बसवला, मोठी बिग बँड्स मोडत गेली, ब्रॉडवेवर टॅपची जागा बॅले घेऊ लागला. २५ नोव्हेंबर १९४९ ला बोजँगल्स गेले. एका अख्ख्या पिढीचा आधार गेल्यासारखं झालं. त्या डिसेंबरमध्ये त्यांच्या आठवणीसाठी नर्तकांनी 'कोपासेटिक्स' नावाची मंडळी स्थापन केली. बोजँगल्सच्या तोंडी सदानकदा असलेल्या शब्दावरून हे नाव. हनी कोल्स, चोली अॅटकिन्स यांच्यासोबत बेट्सही त्यात होता. त्यातल्या काही अव्वल नर्तकांना पुढच्या वर्षांत पोटापाण्यासाठी भलतीच कामं करावी लागली.

बेट्सने वेगळी वाट धरली. कॅटस्किलच्या डोंगरात तेव्हा ज्यू मालकांची मोठमोठी रिसॉर्ट्स होती. ज्यू लोकांना इतर ठिकाणी मज्जाव असे, म्हणून त्यांनी ती उभारलेली. बेट्स तिथे नाचायचा, टाळ्या घ्यायचा. पण त्या काळी काळ्या माणसाला तिथे पाहुणा म्हणून राहायची सोय नव्हती. मग त्याने आणि पत्नी अॅलिसने करहॉन्क्सनजवळ टर्की पाळायचं एक फार्म विकत घेतलं आणि १९५१ मध्ये 'पेग लेग बेट्स कंट्री क्लब' सुरू केला. कॅटस्किलमधलं काळ्या मालकाचं हे पहिलं मोठं रिसॉर्ट. न्यूयॉर्कहून चर्चची मंडळं, सामाजिक क्लब बसा भरभरून यायचे. वर्षभर राबणाऱ्या कुटुंबांना कुणी दारातून परत पाठवेल ही धास्ती न बाळगता डोंगरात चार दिवस काढता यायचे. पोहायचा तलाव, दक्षिणेकडचं जेवण, रात्री गाणं-बजावणं, आणि खुद्द मालक रंगमंचावर नाचणार. पडत्या काळात इतर काळ्या कलाकारांना तिथे कामही मिळालं.

१९८७ पर्यंत म्हणजे ३६ वर्षं त्याने ते चालवलं. त्याच वर्षी अॅलिस वारली.

सांजवात

हे खरंच माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या शंकेचं उत्तरही यात आहे. लोकांनी दिलेलं नाव त्याने स्वतःच्या जागेच्या फाटकावर लावलं, आणि आत कोणाला घ्यायचं हेही स्वतःच ठरवलं. यापुढे त्या नावाला 'जत्रेतला तमाशा' कोण म्हणेल?

मोगरी

+१. 'मालक' हा शब्द वाचून मला फार आनंद झाला.

ततकार

कथक शिकवते, पुण्यात. उशिरा आले धाग्यावर.

टॅप आणि कथकचं नातं आम्हाला नेहमी जाणवतं. पंडित चित्रेश दास आणि जेसन सॅम्युएल्स स्मिथ या दोघांनी 'इंडिया जॅझ स्वीट्स' नावाचा प्रयोग केला होता, भारतातही तो झाला. एकीकडे पाच-पाच पाउंड घुंगरांचे पाय, दुसरीकडे धातूच्या पट्ट्या, आणि शेवटी दोघांची सवाल-जवाबी. वयात इतकं अंतर, पण समेवर येतानाचं हसू दोघांचं सारखं.

बेट्सचं चित्रीकरण मी काल वर्गात दाखवलं. आधी फक्त आवाज ऐकवला आणि मुलींना विचारलं, किती पाय वाजताहेत? कोणी दोन म्हणाली, कोणी म्हणाली एक नर्तक आणि मागे कोणीतरी ढोलकवाला. मग चित्र दाखवलं. सगळ्या गप्प. एका मुलीने पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "ताई, याच्या डाव्या पायाला दोन मात्रांमध्ये जास्त वेळ लागतोय, तो कुठून भरून काढतो?" मग तेच आम्ही तासभर शोधत बसलो. तो उजव्या पायाच्या एका उडीत टाच आणि चवडा दोन्ही वाजवून घेतो आणि तेवढ्यात खुंट हवेतून पुढे येतो. म्हणजे आवाज चालू राहतो आणि आपल्याला थांबलेला पाय दिसत नाही. आज मुली एकाच पायावर ततकार (कथकचा मूळ पदन्यास) घेऊन हे करून बघत होत्या. ठाय लयीतसुद्धा दम लागला.

हाडवैद्य

@ततकार, मुलींना एका पायावर फार वेळ करू देऊ नका. घोट्यावर ताण येतो. आधी पोटऱ्या आणि कंबर तयार करून घ्या, आणि पाय आलटून पालटून.

ततकार

हो, पाच मिनिटांवर नाही करू देत. आणि दोन्ही बाजूंनी घेते. धन्यवाद.

हडसनकाठ

पुढे काय झालं त्यांचं? १९८७ नंतर?

पदन्यास

रिसॉर्ट गेलं, पण माणूस घरी बसला नाही. शाळांमध्ये, वृद्धाश्रमांत, अपंगांच्या संस्थांमध्ये जाऊन बोलायचा, थोडं नाचून दाखवायचा. १९९२ मध्ये त्याच्यावर एक माहितीपट झाला. त्यात म्हातारा बेट्स स्वतः बोलताना दिसतो, मिळाला तर जरूर बघा. डिसेंबर १९९८ मध्ये त्याच्या जन्मगावी, फाउंटन इनमध्ये त्याचा सत्कार झाला. साउथ कॅरोलायनाने 'ऑर्डर ऑफ द पाल्मेटो' हा आपला सर्वोच्च नागरी सन्मान त्याला दिला. ज्या राज्यात इस्पितळात जागा मिळाली नव्हती, त्याच राज्याने. लगेच ६ डिसेंबरला तो त्याच गावात वारला. वय ९१. आता तिथे त्याचा पुतळा आहे.

@ततकार, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आणि तुम्ही शोधलेलं उत्तर मूळ लेखात घालतो आहे, तुमच्या नावासह. चाटी_मैदान, त्या जागेचे बोल लिहून द्याल का? कथकवाल्यांना आणि तबलावाल्यांना दोघांना उपयोग होईल.

चाटी_मैदान

देतो. चित्रीकरण हळू गतीने लावून दोन आवर्तनं लिहून काढली आहेत, तिसऱ्यात खुंट नेमका मात्रेवर पडतो की अर्ध्या मात्रेने पुढे, ते अजून ऐकतोय. रविवारपर्यंत इथेच टाकतो.